टिंबांचे ‘आर’ कसे झाले: एन्जिनएक्सची शेअर्ड सेशन कॅश, दोन हंगाम वापरून

आधी कोण लिहितंय ते सांगते, म्हणजे पुढचं कितपत मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. मी सर्व्हर सांभाळते, पण मोठ्या कंपनीत नाही. पिंपळगाव बसवंतला माझा आणि मावसभावाचा छोटा धंदा आहे: द्राक्षबागांत हवामानाचे डबे बसवायचे. डबा म्हणजे ईएसपी८२६६ची चिप, एक छोटं सोलर पॅनेल, एक बॅटरी आणि तापमान, आर्द्रता व पानाचा ओलावा मोजणारे सेन्सर. दर दहा मिनिटांनी डबा जागा होतो, शेडमधल्या डोंगलवरून आमच्या सर्व्हरला आकडे पाठवतो आणि परत झोपतो. डबे भावाचे, सर्व्हर माझा. असे सहाशे चाळीस डबे निफाड, दिंडोरी, चांदवडकडे लागलेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) फवारणी ठरते, त्यामुळे मधले आकडे गळले की बागायतदाराचा फोन थेट मला येतो.

हा रिव्ह्यू डब्यांचा नाही. एन्जिनएक्स या वेबसर्व्हरमधली ‘शेअर्ड सेशन कॅश’ नावाची, एकदा झालेल्या जोडणीची आठवण ठेवणारी जी सोय आहे, तिचा आहे. फुकट आहे, कॉन्फिगच्या फाइलमध्ये एका ओळीत चालू होते, आणि कुठल्याही लेखात ‘ही ओळ टाका, साइट पळेल’ इतकंच लिहिलेलं सापडतं. मी ती ओळ टाकली तेव्हा काहीही पळालं नाही. का पळालं नाही हे कळायला मला आणि भावाला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि त्यात दोनदा आमचं बोलणं बंद झालं.

मूळ दुखणं असं होतं. दर दहा मिनिटांच्या ठोक्याला सर्व्हरचा सीपीयू शंभरावर जायचा, पाच-सात सेकंद तिथेच राहायचा आणि परत खाली यायचा. आलेख पाहिला तर करवतीचे दात. कारण उघड होतं: सगळ्या बागांचे आलेख एकमेकांवर बसावेत म्हणून भावाने सगळे डबे घड्याळ लावून एकाच मिनिटाला जागे व्हायला शिकवले होते. सहाशे चाळीस डबे एकदम दारात. सरासरी काढली तर सेकंदाला एक डबा, म्हणजे काहीच नाही. पण सरासरीने कोणी मरत नाही, मरतो तो ठोक्याला.

त्यात माझा एक शहाणपणा होता. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट घेताना ‘मोठं ते चांगलं’ म्हणून मी आरएसए या पद्धतीची ४०९६ बिटांची की (किल्ली) घेतली होती. सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हरला आपल्या प्रायव्हेट कीने एक सही करावी लागते आणि सगळ्यात महाग काम तेच. हे गणित करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत वेग मोजायची कमांड आहे, ती माझ्या सर्व्हरवर चालवली तर ४०९६ची की एका कोअरवर सेकंदाला दीडशेच्या आसपास सह्या करत होती. २०४८ची त्याच्या सहा-सातपट. आता सहाशे चाळीसला दीडशेने भागा. शिवाय एन्जिनएक्सचा वर्कर (प्रत्यक्ष काम करणारी प्रोसेस) सही करत असतो तेव्हा त्याच्याकडची बाकी सगळी कामं थांबलेली असतात, म्हणून त्याच सेकंदाला कोणी फोनवर आलेख उघडला तर पांढरं पान. डब्याला पाच सेकंदांत उत्तर नाही मिळालं की तो पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणजे गर्दीत आणखी गर्दी.

‘मग की बदल ना,’ असं कोणीही म्हणेल. मीही म्हणाले. ईसीडीएसए या दुसऱ्या पद्धतीची की घेतली की सर्व्हरचं सही करणं कितीतरी स्वस्त होतं. पण भावाने हात जोडले. ती सही तपासायचं काम डब्याचं, आणि ८० मेगाहर्ट्झच्या चिपला आरएसएची सही तपासणं सोपं जातं, ईसीडीएसएची तपासायला जीव जातो. माझं ओझं उतरवून त्याच्या बॅटरीवर टाकायचं, असा तो सौदा होता. ४०९६वरून २०४८वर मात्र मी त्याच आठवड्यात आले, आणि खरं सांगायचं तर निम्मा फरक त्यानेच पडला. हे लपवून कॅशची तारीफ करणं बरोबर नाही.

आता ही वस्तू काय आहे ते. डबा पहिल्यांदा येतो तेव्हा पूर्ण हँडशेक होतो: सर्टिफिकेट दाखवा, सही करा, दोघांनी मिळून एक गुपित ठरवा. टीएलएस म्हणजे सुरक्षित जोडणीची पद्धत, तिच्या १.२ या आवृत्तीत यासाठी ये-जा करायच्या दोन फेऱ्या लागतात. शेवटी सर्व्हर एक सेशन आयडी देतो. पुढच्या वेळी डब्याने तो आयडी दाखवला आणि सर्व्हरला तो आठवला, तर सर्टिफिकेट नाही, सही नाही, एका फेरीत काम. प्रश्न एवढाच की सर्व्हरने आठवायचं कुठे? एन्जिनएक्सचे वर्कर वेगवेगळ्या प्रोसेस असतात. आपापल्या मेमरीत लिहून ठेवलं तर, किराणा दुकानात दोन भावांनी उधारीच्या दोन वह्या ठेवाव्यात तसं होतं. काल धाकट्याकडे लिहिलं, आज थोरला म्हणतो तुमचं नावच नाही. ‘बिल्टइन’ नावाचा प्रकार नेमका हाच. ‘शेअर्ड’ म्हणजे मधे एकच वही: मास्टर प्रोसेस मेमरीचा एक तुकडा राखून ठेवते, सगळे वर्कर त्यातच लिहितात आणि त्यातच शोधतात, लिहिताना-शोधताना तेवढं कुलूप लावतात. तुकड्याला नाव द्यायचं आणि आकार द्यायचा, झालं. एका एमबीत साधारण चार हजार सेशन मावतात असं एन्जिनएक्सचं डॉक्युमेंटेशनच सांगतं.

काहीच नाही लिहिलं तर काय होतं, हे मला सगळ्यात गमतीचं वाटलं. डीफॉल्ट आहे ‘नन’, आणि तो ‘ऑफ’पेक्षा वेगळा. ‘ऑफ’ सरळ सांगतो, सेशन परत वापरता येणार नाही. ‘नन’ डब्याला सांगतो, वापरता येईल हो, आणि नोंद कुठेच ठेवत नाही. पावती फाडून द्यायची आणि रजिस्टर कोरं. सरकारी कचेरीत गेलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

तर मी ओळ टाकली, दहा एमबीची, सगळे टाकतात म्हणून. शिवाय अॅक्सेस लॉगमध्ये ‘एसएसएल सेशन रियूज्ड’ नावाचा व्हेरिएबल जोडला. ज्यांना ही कॅश वापरायची आहे त्यांनी आधी हे करा, बाकी नंतर. जुनं सेशन वापरलं गेलं तर लॉगमध्ये ‘आर’ अक्षर उमटतं, नाही तर नुसतं टिंब. रीलोड केलं, लॉग उघडला, भराभर ‘आर’ दिसले. मी भावाला फोन करून सांगितलंसुद्धा, झालं म्हणून. संध्याकाळी नीट पाहिलं तर ते सगळे ‘आर’ बागायतदारांच्या फोनचे होते. ब्राउझरकडे सेशन तिकीट असतं. सर्व्हर सगळी माहिती आपल्या किल्लीने बंद करून ब्राउझरच्याच खिशात देतो, सर्व्हरला काही आठवायची गरजच नाही. म्हणजे ते ‘आर’ माझी ओळ टाकण्याआधीपासून पडतच होते, मी बघत नव्हते. डब्यांच्या ओळींना फक्त टिंबं. पानभर टिंबं, जसं काही कोणी रांगोळीची तयारी करून उठून गेलंय.

डब्यांना तिकीट का नाही? कारण आमच्या चिपवर टीएलएसचं काम बेअरएसएसएल ही लायब्ररी करते. ती टीएलएस १.२पर्यंतच जाते आणि तिला तिकीट कळत नाही, फक्त सेशन आयडी कळतो. म्हणजे आमच्यासारख्यांना सर्व्हरच्या कॅशशिवाय दुसरा मार्गच नाही. आणि सेशन आयडी आपोआप लक्षात राहत नाही, डब्याच्या प्रोग्राममध्ये सेशन नावाची एक वस्तू करून ती जोडणीला द्यावी लागते. भावाने ती केली. लॉगमध्ये टिंबं.

मी म्हटलं, तुझ्या डब्यात घोळ आहे. तो म्हणाला, ‘ताई, टेबलावर तर चालतंय.’ आणि खरंच, त्याच्या टेबलावरचा डबा दर तीस सेकंदांनी येत होता आणि प्रत्येक वेळी ‘आर’. मग त्याच्याच लक्षात आलं की टेबलावरचा डबा झोपत नाही. बागेतला डबा गाढ झोपतो, आणि गाढ झोपेत या चिपची रॅम पुसली जाते. जागा झाला की त्याला काल कोण भेटलं होतं ते आठवतच नाही. फक्त आरटीसी मेमरी म्हणून ५१२ बाइटांचा एक कोपरा शिल्लक राहतो. सेशनमध्ये ठेवायचं असतं ते थोडंच: ३२ बाइटांचा आयडी, ४८ बाइटांचं गुपित आणि वर थोडं किरकोळ. शंभर बाइटांच्या आत. लायब्ररीत जरा ढवळाढवळ करून त्याने ते झोपण्याआधी त्या कोपऱ्यात लिहायचं आणि उठल्यावर वाचायचं असं केलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सुंदर काम तेच झालं. आप्पा या आमच्या एका बागायतदाराच्या बागेत दोन डबे बदलले, त्याच रात्री लॉग पाहिला. टिंबं.

इथे आमचं बोलणं पहिल्यांदा बंद झालं.

चार दिवसांनी मी त्याच्या टेबलावरच्या डब्याला दहा मिनिटांचीच झोप लावायला सांगितली. तीस सेकंदांना ‘आर’, दोन मिनिटांना ‘आर’, चार मिनिटांना ‘आर’, दहा मिनिटांना टिंब. मग डोक्यात उजेड पडला. कॅशच्या ओळीशेजारी दुसरी एक ओळ असते, सेशन टाइमआउटची. मी ती लिहिलीच नव्हती. डीफॉल्ट पाच मिनिटं. डबा येणार दहा मिनिटांनी, वहीतली नोंद पुसली जाणार पाच मिनिटांनी. सहाशे चाळीस डबे रोज प्रत्येकी एकशे चव्वेचाळीस वेळा येऊन आपली पावती दाखवत होते, आणि प्रत्येक वेळी वहीतून ती नुकतीच खोडलेली असायची. चूक पूर्ण माझी. पाच मिनिटं ही मर्यादा पान उघडून चार लिंका दाबणाऱ्या माणसाचा विचार करून ठेवलेली आहे, बागेतल्या डब्याचा नाही. भावाला फोन केला. तो ‘हं’ म्हणाला. एवढंच.

टाइमआउट एक तास केला. लॉगमध्ये ‘आर’ उमटायला लागले आणि मी अक्षरशः एकेक ओळ वाचत बसले. पण इथेही एक बारीक गोष्ट आहे जी कुठल्या लेखात मला सापडली नव्हती. तासाची मुदत नोंद पहिल्यांदा झाली तेव्हापासून मोजली जाते, शेवटच्या भेटीपासून नाही. डबा परत आला म्हणून मुदत वाढत नाही. म्हणजे एका तासात सहा भेटींपैकी एक पूर्ण हँडशेक होणारच, जास्तीत जास्त पाच ‘आर’. मोजलं तर तसंच येत होतं. चार तास केल्यावर चोवीसातली एकच भेट महाग राहिली. यापुढे वाढवून फारसं काही मिळत नाही, आणि मी वाढवलंही नाही, कारण त्या वहीत जी गुपितं पडून असतात ती कोणाच्या हाती लागली तर तेवढ्या काळातलं साठवलेलं संभाषण उलगडता येतं. टीएलएस १.२च्या मूळ मसुद्यात, २००८च्या, चोवीस तासांची वरची मर्यादा सुचवलेली आहे. सर्टबॉट हे सर्टिफिकेट आणून बसवणारं साधन एन्जिनएक्ससाठी जी तयार फाइल टाकतं तिच्यात १४४० मिनिटं असतात, म्हणजे बरोबर त्या मर्यादेवर बोट. तुमच्याकडे ती फाइल असेल तर एकदा उघडून बघा. आमच्या आकड्यांत चोरण्यासारखं काही नाही, शेजारच्या बागवाल्याला पान ओलं आहे हे कळलं तर बिघडलं काय? पण प्रत्येक आकड्याबरोबर डब्याचा पासवर्ड जातो, आणि त्या पासवर्डने कोणी खोटे आकडे घातले तर माणूस विनाकारण फवारणी करेल.

फरक किती पडला, तर डब्याच्या बाजूने सांगते, कारण तिथे तो डोळ्यांना दिसतो. भावाच्या सीरियल मॉनिटरवर जोडणीला लागलेले मिलिसेकंद छापले जातात. आधी दोन हजारांच्या आसपास, त्यातला बराचसा वेळ चिपच्या गणितात. आता तीनशे-साडेतीनशे, आणि तो जवळजवळ सगळा मोबाइल नेटवर्कच्या ये-जा करण्यात. जागं राहायचा वेळ कमी म्हणजे बॅटरी वाचली. पावसाळी आठवड्यात, ऊन नसताना, आधी काही डबे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकायचे, तसे आता क्वचित टाकतात. सर्व्हरच्या बाजूला करवतीचे दात गेले, बारीक टेकड्या उरल्या. नंतर भावाने डब्यांच्या उठण्यात आपापल्या क्रमांकाप्रमाणे काही सेकंदांचं अंतर टाकलं, तेव्हा टेकड्याही गेल्या. ते आधीच का नाही केलं, हा प्रश्न विचारू नका, मी विचारला होता.

आता तक्रारी. पहिली माझ्याच कंजूषपणाची. सगळं सुरळीत झाल्यावर मी हिशेब केला की चार हजारांना एक एमबी, आपल्याला लागणार सहाशे चाळीस, मग दहा एमबी कशाला? एकवर आणलं. दोन जीबीच्या सर्व्हरवर नऊ एमबी वाचवून मी काय मिळवणार होते देव जाणे. नोव्हेंबर २०२३च्या शेवटच्या रविवारी निफाडकडे अवकाळी आणि गारा झाल्या. त्या दिवशी ज्याला त्याला आलेख बघायचे होते. घरात बसलेला मुलगा, पुण्यात नोकरीला असलेली मुलगी, औषध दुकानदार, सगळे आमच्या पानावर. आणि लॉगमध्ये, ज्या दिवशी आकडा गळून चालणारच नव्हतं त्या दिवशी, डब्यांच्या ओळींना परत टिंबं. मधूनच एरर लॉगमध्ये ‘शेअर्ड कॅशमध्ये नवीन सेशनला जागा मिळाली नाही’ अशा अर्थाची ओळ.

कारण कळलं ते असं. फोन टीएलएस १.३ने येतात आणि तिकीट वापरतात, म्हणजे त्यांच्यासाठी कॅशची गरज शून्य. पण ओपनएसएसएल ही टीएलएस १.३ची सेशनं तिकीट असतानाही कॅशकडे पाठवतं, आणि एका हँडशेकला डीफॉल्ट दोन तिकिटं. माझ्याकडे तेव्हा उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्याबरोबर येणारं एन्जिनएक्स १.१८ होतं, ते आलेलं सगळं मुकाट्याने वहीत लिहून घ्यायचं. ज्या नोंदी कोणी कधीच वाचणार नाही अशा नोंदींनी वही भरली, आणि जागा करण्यासाठी सगळ्यात जुनी नोंद खोडायची या नियमाने माझे डबे बाहेर. ऑक्टोबर २०२२च्या १.२३.२ या आवृत्तीत हे दुरुस्त झालंय: तिकिटवाली सेशनं आता कॅशमध्ये ठेवली जात नाहीत. त्याच आवृत्तीत तिकिटाच्या किल्ल्या आपोआप बदलत राहायची सोयही आली, तीही शेअर्ड कॅश चालू असेल तरच. म्हणजे आजच्या घडीला ज्यांच्याकडे फक्त ब्राउझरच येतात त्यांनीही ही ओळ ठेवावी ती या किल्ल्यांसाठी. सेशन आठवायचं मूळ काम त्यांच्याकडे ती फारसं करत नाही.

तेव्हा मात्र मला ही दुरुस्ती माहीत नव्हती, म्हणून मी डब्यांची कॅश वेगळी करायला गेले. डब्यांसाठी वेगळं सबडोमेन, त्याच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये वेगळ्या नावाचा तुकडा. दिसायला अगदी बरोबर. काही फरक नाही. एक अख्खी संध्याकाळ आणि दोन कप कोरा चहा गेल्यावर कळलं की एकाच पोर्टवर (सर्व्हरच्या एकाच क्रमांकाच्या दारावर) दोन नावं असतील तर सेशन शोधण्यासाठी त्या पोर्टच्या डीफॉल्ट सर्व्हरचीच कॅश वापरली जाते, दुसऱ्या ब्लॉकमध्ये काहीही लिहा. कॉन्फिग तपासणारी कमांड यावर अवाक्षर काढत नाही, ‘सगळं ठीक’ म्हणते. शेवटी डब्यांना वेगळा पोर्ट दिला, तिथे फक्त टीएलएस १.२, दोन एमबी, चार तास. त्या दिवसापासून पाऊस पडो की गारा, डब्यांच्या लॉगमध्ये ‘आर’ आहेत. २०२४च्या उन्हाळ्यात, खरड छाटणी उरकल्यावर, उबुंटू २४.०४वर गेले. त्यात एन्जिनएक्स १.२४ आहे, म्हणजे आता वेगळ्या पोर्टची तशी गरज नाही. पण चालणाऱ्या मोटरीला कोण हात लावतो?

दुसरी उणीव खरीखुरी आहे: आत किती भरलंय हे फुकटच्या एन्जिनएक्समध्ये बघायची सोयच नाही. साध्या स्टेटस पानावर जोडण्यांचे आकडे असतात, कॅशचे नाहीत. विकतच्या आवृत्तीत हँडशेक किती आणि किती सेशनं परत वापरली ते मिळतं, आम्हाला ती परवडणारी नाही. म्हणून मी लॉगमधली टिंबं आणि ‘आर’ मोजणारी चार ओळींची स्क्रिप्ट रोज सकाळी चालवते आणि तो आकडा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवते.

याबाबतीत अपाची हा दुसरा वेबसर्व्हर उजवा. आमचा आधीचा सर्व्हर अपाचीवर होता, आणि त्याचा ‘एसएचएमसीबी’ हा प्रकार म्हणजे शेअर्ड मेमरीतला गोल फिरणारा साठा. डेबियन-उबुंटूत एसएसएल मॉड्यूल चालू केलं की तो आपोआप चालू होतो, ५,१२,००० बाइटांचा, टाइमआउट तिथेही पाच मिनिटं. पण त्याच्या स्टेटस पानावर बघा काय काय दिसतं: साठ्याचे ३२ खण, प्रत्येक खणात ८८ जागा, किती टक्के भरलं, किती वेळा शोधलं आणि सापडलं, किती वेळा नाही सापडलं. आणि सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे मुदत संपण्याआधीच किती नोंदी बाहेर ढकलल्या गेल्या. हा आकडा वाढतोय म्हणजे साठा लहान पडतोय, इतकं सरळ. तो आकडा त्या गारपिटीच्या दिवशी माझ्यासमोर असता तर दहा मिनिटांत निदान झालं असतं. बत्तीस गुणिले अठ्ठ्याऐंशी म्हणजे दोन हजार आठशे सोळा, यापेक्षा जास्त नोंदी त्यात मावणार नाहीत, आणि कुठला खण ते सेशन आयडीवरून ठरत असल्यामुळे एखादा खण आधी भरून त्यातून नोंदी सांडू शकतात, शेजारचा अर्धा रिकामा असला तरी. अपाचीत फाइलमध्ये लिहिणारा ‘डीबीएम’ प्रकारही आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका, जास्त भार आला की त्याचा भरवसा नाही असं अपाचीवालेच लिहितात.

वापरताना लक्षात ठेवायची एकच गोष्ट मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलीय: ‘रीलोड, रीस्टार्ट नाही.’ रीलोड केलं तर त्याच नावाचा, त्याच आकाराचा तुकडा तसाच पुढे चालतो, नोंदी जात नाहीत. रीस्टार्ट केलं की वही कोरी, आणि पुढच्या फेरीला सहाशे चाळीस डबे पूर्ण हँडशेक मागत दारात. आकार बदलला तर रीलोडनेही कोरीच. म्हणून कर्नलचे अपडेट मी दुपारी दोनला करते, जेव्हा पानं कोरडी असतात आणि आलेख कोणी बघत नाही. पहाटे करायची चूक एकदाच केली. पहाटेच्या दवाच्या वेळी अर्धा तास आकडे मागेपुढे झाले आणि आप्पांचाच फोन आला, ‘अगं, पान ओलं आहे का कोरडं, तेवढं सांग, सर्व्हरचं नंतर सांग.’

मार्क द्यायचे तर डब्यांसारखं गिऱ्हाईक असणाऱ्याला दहापैकी नऊ. सौर पंपाचे कंट्रोलर, दुधाच्या संकलन केंद्रावरची यंत्रं, हजेरीची मशिनं, जे कोणी ठरावीक वेळाने येतं, जुन्या टीएलएसने बोलतं आणि ज्याला तिकीट कळत नाही, त्या सगळ्यांसाठी. नुसती वेबसाइट असेल, सगळे टीएलएस १.३चे ब्राउझर, तर पाच. १.३मध्ये पूर्ण हँडशेकही एकाच फेरीत होतो, त्यामुळे परत वापरलेल्या सेशनने सर्टिफिकेट आणि सही वाचते, फेरी वाचत नाही, आणि ते काम तिकीट करतंच. अशांनी आधी ईसीडीएसएची की घ्यावी, हात जोडायला त्यांच्याकडे माझा भाऊ नाही.

सध्या आमचा वाद चाललाय तो दुसऱ्या सर्व्हरवरून. डबे हजारावर जातील असं भाऊ म्हणतो आणि एक सर्व्हर पडला तर दुसरा हवा, हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण शेअर्ड मेमरी एका मशीनच्या भिंतीत राहते. पहिल्या सर्व्हरची वही दुसऱ्याला दिसत नाही, म्हणजे परत दोन भावांच्या दोन वह्या. इंटरनेटच्या पत्त्यावरून डबा ठरावीक सर्व्हरलाच पाठवायचा म्हटलं तर मोबाइल डोंगलचा पत्ता सकाळी एक, दुपारी दुसरा. मी त्याला म्हटलंय, डब्याच्या क्रमांकावरून सम इकडे, विषम तिकडे असं तुझ्याच प्रोग्राममध्ये टाक आणि एक पडला तरच दुसऱ्याकडे जाऊ दे. तो म्हणतो, म्हणजे परत सगळे डबे उघडायचे. छाटणी तोंडावर आलीय, बघू.